खुर्च्यांचं राजकारण

मोठी स्पर्धा आली की शहराचा रोजचा व्यवहार चार दिवस बाजूला पडतो, असं सर्रास म्हटलं जातं. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा इतिहास उलट सांगतो: तिथे रोजचा व्यवहारच मैदानात येऊन बसला. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘दि रेस्ट’ (उरलेल्या जमाती), असे संघ जमातीवर बेतलेले, जिमखानेही तसेच. त्याच वर्षी सामने नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर आले आणि हिंदू संघाने अंगच काढून घेतलं. कारण खेळातलं नव्हतं. स्टेडियमच्या मालक क्लबने हिंदू जिमखान्याच्या वाट्याला दिलेल्या जागा त्यांना कमी वाटल्या. पुसेगावची जत्रा असो की मुंबईचं स्टेडियम, मान बसायच्या जागेवरूनच मोजतात!

या जमातवार सामन्यांचे समर्थक म्हणत, एकाच मैदानात सगळ्या धर्मांचे लोक बसतात, चांगल्या फटक्याला टाळी देतात, मग बिघडलं कुठे? यात तथ्य आहे. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या होत्या, हजारे ख्रिस्ती, समोर हिंदू संघ, तरी ती खेळी सगळ्यांचीच झाली. पण टाळी मिळाली म्हणून रचना बदलत नाही. गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळापुढे जातीय संघांना नापसंती दर्शवली. सामने मात्र लगेच थांबले नाहीत. तिकिटं खपत होती, जिमखान्यांना पैसा मिळत होता. १९४६ मध्ये ते बंद झाले.