काहाव आणि खिडकीजवळचा मुलगा

मंडळी, आज जरा लांबचा इतिहास. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तो सगळा तहांचा आणि लढायांचा. एखाद्या पक्ष्यालाही इतिहास असतो हे निवृत्तीनंतर निवांत वाचताना कळले.

उत्तर अटलांटिक महासागरात बर्म्युडा बेटे आहेत. तिथला समुद्रपक्षी म्हणजे काहाव. जमिनीत बीळ करून राहणारा, वर्षाला एकच अंडे घालणारा. रात्री तो असा काही ओरडे की खलाशी या बेटांना सैतानाची बेटे म्हणत! १६०९ मध्ये 'सी व्हेंचर' हे इंग्रजी जहाज तिथल्या खडकांवर आपटले आणि १६१२ पासून कायमची वस्ती झाली. डुकरे आधीच होती. माणसांमागून उंदीर, मांजरे, कुत्री आली. काहाव माणसाला भीत नसे, हाताने धरता येई. दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी तो खाऊन फस्त केला. गव्हर्नरने पक्षी वाचवण्याचा हुकूम काढला, पण फार उशिरा. १६२०च्या सुमारास काहाव दिसेनासा झाला, आणि तीनशे वर्षे सर्वांनी तो संपला असेच धरले.

विसाव्या शतकात एखाददुसरा पक्षी सापडल्याने शंका आली. २८ जानेवारी १९५१ रोजी रॉबर्ट कुशमन मर्फी आणि लुई मोब्रे यांनी एका खडकाळ टापूवरच्या कपारीतून जिवंत काहाव बाहेर काढला. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता, डेव्हिड विंगेट. त्याने पुढे सारे आयुष्य या पक्ष्याला दिले.

खडकांवर माती नव्हती, म्हणून त्याने सिमेंटची बिळे बांधली. लाँगटेल नावाचा दुसरा पक्षी घरट्यात घुसून पिले मारत असे. मग दाराशी लाकडी फळी लावून तिला एवढेच भोक ठेवले, की काहाव आत जाईल, लाँगटेल जाणार नाही. १९४०च्या दशकात खवले किडीने बेटांवरचे बहुतेक सीडर वृक्ष मारले होते. १९६२ पासून विंगेटने नॉनसच या उजाड बेटावर सीडर आणि इतर देशी झाडे हजारोंनी लावली. काहाव तिथे परत येईल या आशेवर! त्याच्या निवृत्तीनंतर, २००४ पासून जेरेमी मदायरोस यांनी पिले उचलून तिथल्या बिळांत ठेवली, आणि २००९ मध्ये नॉनसचवर पहिले पिलू जन्मले. सुरुवातीला वीससुद्धा जोड्या नव्हत्या, आज दीडशेहून अधिक आहेत.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. खिडकीशी बसून बाहेरच्या चिंचेवरचे बगळे मोजायचा. पानिपताचे साल विचारले तर गप्प, पण कोणत्या घरट्यात किती पिले हे चोख सांगायचा. मी त्याला उचलून भिंतीकडच्या बाकावर बसवले. लक्ष लागावे म्हणून, असे तेव्हा वाटले. वर्षअखेरीस त्याने शाळा सोडली. पुढे काय झाले, कधी चौकशीही केली नाही.

त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी होडीत बरोबर घेतले होते. मी मात्र खिडकी बंद केली.

तुमच्या घरात असा कुणी खिडकीबाहेर बघणारा असेल, तर त्याला ओरडण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, काय दिसतंय?