आंतरराज्य स्थलांतरित कामगार (पुणे)
ठेकेदारामार्फत वा स्वतःहून परराज्यांतून पुण्यात रोजगारासाठी येणारा मजूरवर्ग. हिंजवडी, खराडी येथील माहिती-तंत्रज्ञान उद्योगाबरोबर बांधकामे वाढली व स्वस्त मजुरांची मागणीही. ओडिशातील ‘दादन’ (ठेकेदारांनी उचल देऊन मजूर परराज्यांत नेण्याच्या) पद्धतीतील शोषणामुळे १९७९ चा केंद्रीय अधिनियम झाला (पहा : वेठबिगारी). त्यात पाच वा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणी, ठेकेदारांना परवाना, कामगारांना विस्थापन भत्ता व प्रवासखर्च यांची तरतूद होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने ही मर्यादा दहावर नेली. लहान आस्थापना वगळल्या गेल्या, स्वतःहून येणारे मात्र व्याख्येत आले. संचारस्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो. तरीही मे २०२० मध्ये, कोविड टाळेबंदीच्या काळात, बांधकाम व्यावसायिकांशी चर्चेनंतर कर्नाटक शासनाने परतीच्या श्रमिक रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली व टीकेनंतर तो निर्णय बदलला. (पहा : माथाडी कामगार; मूलभूत हक्क).