शेजारी कोण बसतं

प्रत्येक शाळेत एक जाडजूड बांधणीचं जनरल रजिस्टर असतं. पोरगं शाळेत आलं की त्यात त्याचं नाव, जात, जन्मतारीख चढते. शाळा सुटली की शेवटच्या रकान्यात कारण लिहितात. अडतीस वर्षं मास्तरकी केली, त्यात हा रकाना मी शेकडो वेळा भरला. 'स्थलांतर', 'सतत गैरहजर', 'पुढील शिक्षणासाठी'. पुढं एकदा माझ्याच गावच्या शाळेत बदली झाली तेव्हा जुनं रजिस्टर उघडून बघितलं. १९७२ साली एका पोराच्या नावापुढं 'स्थलांतर' असं लिहिलेलं होतं. शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होतं. ते कारण पुरतं खरं नाही, हे ठाऊक असणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

आमचं गाव माणदेशातलं. शाळेला खोल्या दोन, गुरुजी दोन आणि वर्ग चार. पहिली-तिसरी एका खोलीत, दुसरी-चौथी दुसऱ्या. गुरुजी एका वर्गाला गणितं घालायचे तोवर दुसऱ्या वर्गापुढं एखादं मोठं पोरगं उभं राहून धडा वाचायचं. गुरुजींना तालुक्याला मीटिंग असली की सगळी शाळाच पोरांच्या ताब्यात. आता हिशेब केला तर वाटतं, निम्मं आम्ही गुरुजींकडून शिकलो आणि निम्मं एकमेकांकडून. त्यात चांगलंही होतं आणि वाईटही.

तो तिसरीत आमच्यात आला. वाड्यावरचा धनगराचा पोरगा, वयानं आमच्यापेक्षा दोन वर्षांनी थोर. गुरुजींनी त्याला माझ्या पट्टीवर बसवलं. वाचताना अडखळायचा, पण हिशेबाला असा पक्का की गुरुजीसुद्धा थांबून बघायचे. माझे आजोबा जुन्या वळणाचे. नवी नाणी १९५७ सालीच आली होती, तरी त्यांचा हिशेब आणे-पावल्यांतच चालायचा. रात्री जेवणं झाली की ते मला पुढ्यात बसवून दीडकी विचारायचे आणि मी सातावर अडकायचो. गुरुजी पावकी-निमकीवर फार वेळ घालवत नसत. हा मात्र बापाबरोबर बाजार करून सगळं शिकला होता. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली बसून त्यानं माझ्याकडून म्हणून घेतलं. "सात दीड साडेधा, आठ दीड बारा, नऊ दीड साडेतेरा. म्हण की रं, लाजतूस कशाला?" आठ दिवसांत मी आजोबांपुढं औटकीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. आजोबांनी खिशातला गूळ काढून दिला. तो निम्मा मी त्याला नेऊन दिला.

पोरानं पोराला शिकवायचं ही रीत काही आमच्या गुरुजींची नव्हे. इंग्रजी अमदानीच्या आधीपासून देवळात किंवा कुणाच्या पडवीत पंतोजींची शाळा भरायची. फळीवर बारीक धूळ पसरून त्यावर काडीनं अक्षर काढायचं, ती धूळपाटी. ज्याला परवचा पाठ झाला तो पुढं म्हणायचा आणि बाकीची पोरं मागून म्हणायची. असंच दृश्य मद्रासकडं अँड्र्यू बेल नावाच्या एका पाद्र्यानं बघितलं. १७८९ साली तो तिथं सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला होता. देशी शाळेतली पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्याला दिसली. त्यानं आपल्या आश्रमातल्या एका आठ वर्षांच्या पोरावर लहानांना अक्षरओळख करून द्यायचं काम सोपवलं, आणि ते जमलं. १७९७ साली त्यावर त्यानं लंडनमध्ये पुस्तक छापलं. तिथं जोसेफ लँकेस्टरही त्याच वाटेनं चालला होता. एक मास्तर आणि शेकडो पोरं अशा शाळा निघाल्या. 'मद्रास पद्धत' असं तिचं नाव तिकडं पडलं.

लँकेस्टरच्या शाळेत शिकवणाऱ्या पोराला मॉनिटर म्हणत. मॉनिटर आमच्या शाळेतही होता. पण त्याचं काम दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं. तो सावकाराच्या घरचा, अंगानं दांडगा, आणि त्याच्याभोवती पाचसहाजणांचं टोळकं असायचं. त्या टोळक्यात असलं की विटीदांडूत पहिला डाव मिळायचा आणि फळ्यावर नाव येत नसे. चौथीत गेलो आणि मलाही तिकडं जावंसं वाटायला लागलं.

१९७२ च्या जूनमध्ये शाळा उघडली ती कोरड्या आभाळाखाली. मिरग गेला, आर्द्रा गेल्या, पाऊस नाही. विहिरीनं तळ दाखवला. अंघोळीला पाणी नव्हतं, कापडं धुवायला तर नव्हतंच. वाड्यावर एकाच खोपटात माणसं आणि करडं. त्याच्या सदऱ्याला शेळ्यांचा वास यायचा. आमच्या अंगालाही काही अत्तराचा वास नव्हता. पण मॉनिटरनं एक दिवस नाक धरलं आणि "शेळ्या आला रं" म्हणून ओरडला. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात शिरला की मागून बेंबटणं सुरू व्हायचं. पाढे म्हणायला उभा राहिला की सगळ्या बाजूंनी "बेंऽ". गुरुजी वळून बघायचे तोवर सगळे चिडीचूप.

आठदहा दिवस मी गप्प होतो. मग एका सकाळी मॉनिटर मला म्हणाला, "तुझ्याबी अंगाला वास यायला लागलाय." मी माझं दप्तर उचललं आणि दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसलो. दुपारी तो पाढे म्हणायला उठला तेव्हा मीही बेंबटलो. त्यानं मागं वळून बघितलं. बाकी कुणाकडं नाही, माझ्याकडं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

गुरुजींनी दोनदा मलाच वाड्यावर निरोप घेऊन पाठवलं. पहिल्यांदा मी अर्ध्या वाटेवरून परत आलो आणि "भेटला न्हाई" म्हणून खोटं सांगितलं. दुसऱ्यांदा गेलो तर तो बाभळीच्या शेंगा झोडत होता. मी म्हणालो, "गुरुजींनी बोलावलंय." तो म्हणाला, "सांग, शेळ्या हायत राखायला." काठी काही थांबली नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा वाडा चाऱ्यापाण्यासाठी खाली कृष्णाकाठाकडं निघून गेला. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला गेली होती. तेव्हा एक पोरगं शाळेतून गेलं याचं कुणाला काय वाटणार? गुरुजींनी रकाना भरला. दुष्काळानं त्या वर्षी पुष्कळांची शाळा तोडली. याची आम्ही तोडली, ते तीन आठवडे आधी.

डी.एड.ला सातारला गेलो तेव्हा हा विषय पुन्हा समोर आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. वर्गात त्यांना वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. आणि याच सातारला १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. पोरं एकत्र राबायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची. माझ्या पहिल्या शाळेतले एक थोर गुरुजी रयतेच्या बोर्डिंगात वाढलेले. ते सांगायचे, "पहिल्या दिवशी ताटाशेजारी कोण बसलाय बघून घास गिळंना. आठ दिवसांनी त्यानंच मला भाकरी थापायला शिकवली. महिन्यानं रात्री कंदिलाभोवती तो वाचत बसायचा म्हणून मीबी बसायचो." अण्णांनी व्याख्यानं कमी दिली असतील असं नाही, पण खरं काम त्या पंगतीनं आणि कंदिलानं केलं, असं त्यांचं म्हणणं.

ते ऐकल्यापासून मी एक नेम धरला. दर पंधरवड्याला वर्गातल्या जागा बदलायच्या. टोळकं दिसलं की मोडत बसायचं नाही, मोडल्यानं ते जास्त घट्ट होतं. त्यातल्या म्होरक्यालाच कच्च्या पोराचा पाढा पक्का करायचं काम द्यायचं. आणि टोपणनाव कानावर आलं की हातातला धडा बाजूला ठेवायचा. सगळ्या वेळी जमलं असं नाही. काही पोरं माझ्याही हातून गेली आणि मीही रकान्यात 'सतत गैरहजर' लिहिलं.

तो मला चारपाच वर्षांमागं म्हसवडच्या बाजारात भेटला. शेळ्यांचा व्यापार करतो, पटका बांधतो. त्यानंच ओळखलं. चहा पाजला. बोलता बोलता मी धीर करून विचारलं, "तू शाळा का रं सोडलीस?"

"दुष्काळ पडला न्हवं का," तो म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत राहिला.

मला पुढं बोलायला हवं होतं. बोललो नाही. उठताना तो म्हणाला, "मास्तर, नात हाय माझी, पयलीला घातलीया तुमच्याच गावच्या शाळंत. तुमची वळख आसंल तितं. पोरीला कुणाशेजारी बसवत्यात, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा व्हायच्या आधीच मी तिथं जाऊन उभा राहिलो.