आफ्रिकेतल्या लॉजचं रील पाहिलंत? मग वेळासचा मुक्काम काय असतो तेही बघा

खोलीच्या ओट्यावर चहा आणि समोर पाणी पिणारे हत्ती. असं आफ्रिकेतलं एखादं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. यातले काही लॉज तिथल्या गावकऱ्यांच्याच मालकीचे असतात. केनियातलं 'इल एन्ग्वेसी' १९९६ मध्ये सुरू झालं. जमीन मसाई समाजाची, लॉजही त्यांचाच आणि येणारा पैसा शाळा, दवाखाना, प्राण्यांची राखण यासाठी.

आपल्या धरणगावहून केनिया परवडणारं नाही. पण याच वाटेवरचं गाव महाराष्ट्रात आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं वेळास.

वेळासमध्ये काय घडलं?

इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ही अंडी लोक काढून न्यायचे, खायचे, विकायचे. कायद्याने बंदी होतीच, पण रात्री वाळूत पहारा कोण देणार? २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. घरटं सापडलं की अंडी अलगद उचलून किनाऱ्यावरच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना समुद्रात सोडतात.

हे बघायला लोक येऊ लागले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. गावात हॉटेलं नव्हती, म्हणून पाहुणे घरांतच राहिले. फरक इथेच आहे. केनियात लॉज सगळ्यांचा मिळून एक. वेळासमध्ये खोली ज्याची, पैसे त्याचे. पण ते पैसे येतात कासवांमुळे, त्यामुळे घरटं वाचण्यात गावाचाही फायदा आहे.

मुक्कामाला जाताना

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, तीही त्या वेळी बाहेर आली असतील तरच. म्हणजे एका रात्रीत काही न दिसता परतायची तयारी ठेवा; दोन रात्री बऱ्या. अंडी घालणारी मादी बघायचा हा कार्यक्रम नाही. किनाऱ्यावर टॉर्च, फ्लॅश नको, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. पिल्लाला हात लावून सेल्फी तर नकोच.

खोल्या साध्या असतात, बहुतेक घरांत जेवण शाकाहारी कोकणी. नशिबात असेल तर उकडीचे मोदक. शेवभाजीची आठवण येईल, पण मागू नका!

जळगावहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने माणगाव किंवा खेड आणि पुढे रस्त्याने. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोट गाडीसकट खाडी पार करून देते. नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच, आणि बाणकोटचा किल्लाही जवळच.

बुकिंग करताना एकच प्रश्न नक्की विचारा: 'घर तुमचं आहे का?' मधला एजंट असेल तर त्या घराच्या हातात किती पडतं, हेही विचारा. विचित्र वाटेल, पण विचारा.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावर असा टॅग लागलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले, म्हणून तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.