एका रकान्याचा इतिहास

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेने सारा देश होरपळत असताना, बेंगळूरूच्या रुग्णालयांत एक निराळेच संकट दाखल झाले. करोनातून बरी होऊन घरी गेलेली माणसे थोड्याच दिवसांनी परत येऊ लागली. कुणाचा गाल बधिर झालेला, कुणाचा डोळा सुजून मिटलेला, कुणाच्या टाळूवर काळा डाग पडलेला. वृत्तपत्रांनी या व्याधीस ‘काळी बुरशी’ असे नाव दिले आणि तेच लोकांच्या तोंडी रुळले. वैद्यकातील तिचे नाव म्युकरमायकोसिस. त्याच महिन्यात केंद्र सरकारने सर्व राज्यांना कळविले की, १८९७ च्या साथरोग अधिनियमान्वये हा रोग ‘अधिसूचनीय’ ठरवावा. म्हणजे, रुग्णालय सरकारी असो की खासगी, तेथे असा रुग्ण आढळला तर त्याची वर्दी आरोग्यखात्याला गेलीच पाहिजे. कर्नाटक शासनानेही तसा आदेश काढला आणि बेंगळूरूच्या बाउरिंग रुग्णालयात या रुग्णांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र उघडले.

मी स्वतः शासकीय सेवेत असल्यामुळे असे आदेश वाचण्याची सवय आहे. परंतु या आदेशातील १८९७ या सनावर माझी नजर खिळून राहिली. महाराष्ट्रातील माणसाला तो सन विसरता येत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप ओळखला आणि पुढील फेब्रुवारीत हा कायदा संमत झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले, आणि जूनमध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्याने अधिकाऱ्याला घरात शिरण्याची, आगगाडीतील उतारू तपासण्याची, माणसाला छावणीत नेऊन ठेवण्याची सत्ता दिली, आणि शेवटच्या कलमाने सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्याची वाट बंद केली. अशा कायद्याखाली, सव्वाशे वर्षांनंतर, शिळ्या पावावर आणि कुजक्या फळावर वाढणाऱ्या एका बुरशीची नोंद व्हावी, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटली.

बेंगळूरूला या कायद्याच्या काळाची एक स्वतःची आठवण आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव तेव्हा दोन राज्यांत वाटलेले होते. कब्बन पार्कच्या एका अंगाला म्हैसूर संस्थानातील जुनी पेठ, दुसऱ्या अंगाला इंग्रजांच्या ताब्यातील छावणी. कारभार दोन, दप्तरे दोन. रोगाला मात्र सीमा ठाऊक नव्हती. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग हुबळीकडून रेल्वेच्या वाटेने येथे पोहोचला. म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून ज्यांना नेमले ते व्ही. पी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी परंपरेतील गृहस्थ. पूर्वी ते संस्थानचे पोलीसप्रमुख होते आणि पुढे त्रावणकोर, म्हैसूर व बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्याची दिवाणगिरी आपल्याकडील वाचकांना ठाऊक असते. प्लेगचे हे प्रकरण सहसा कोणी सांगत नाही.

त्या वर्षी बेंगळूरूत झालेल्या गोष्टी पाहिल्या तर आजच्या शहराची अर्धी रूपरेषा त्यांत दिसते. शहराचे चार विभाग पाडले गेले, आरोग्याधिकारी नेमला गेला, प्लेगच्या कामात एका ठाण्याची खबर दुसऱ्याला तत्काळ मिळावी म्हणून टेलिफोनच्या तारा टाकल्या गेल्या. पेठेतील दाटी मोडण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहतींची आखणी झाली. रुंद रस्ते आणि घराच्या मागे सफाईसाठी बोळ. तरीही शहर घटले. १८९१ च्या शिरगणतीत दोन्ही भाग मिळून सुमारे १ लाख ८० हजार वस्ती होती. १९०१ मध्ये ती १ लाख ५९ हजारांवर आली. त्यांतील किती मेले आणि किती पळून गेले, हे शिरगणतीला विचारता येत नाही. लोकांनी आपली नोंद निराळ्या वहीत ठेवली. बेंगळूरूत प्लेगम्मेची देवळे उभी राहिली, जशी आपल्याकडे गावोगाव मरीआई.

या साऱ्या खटाटोपात एक मोठी चूक होती आणि ती कोणा एकाची नव्हती. स्टेशनावर माणसांच्या काखा-जांघा तपासल्या जात होत्या. धान्याच्या पोत्यांबरोबर उतरणारा उंदीर कोणी तपासत नव्हते. पिसवांमार्फत हा रोग पसरतो असे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्येच मांडले होते. पण ते मान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली. नोंद चोख, पण रकाना चुकीचा, असा हा प्रकार. आमच्या खात्यांत तो आजही अपरिचित नाही.

आता बुरशीकडे वळतो. बुरशीमुळे माणसाच्या शरीरात खोलवर रोग होऊ शकतो ही गोष्ट ज्या थोड्या ठिकाणी प्रथम सिद्ध होत गेली, त्यांत मुंबईचे स्थान फार वरचे आहे. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ हा ग्रंथ जगभर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथातील चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीरशास्त्र शिकवू लागला. जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात त्याच्यासमोर अनवाणी चालणारे शेतकरी येत. पाऊल सुजून बेढब झालेले, त्यावर अनेक छिद्रे, आणि छिद्रांतून बंदुकीच्या दारूसारखे काळे कण गळत असलेले. मदुराईच्या दवाखान्यातील गिल या डॉक्टराने १८४२ मध्ये अशा पायाचे वर्णन केले होते आणि त्यावरून ‘मदुरा पाऊल’ हे नाव पडले होते. कार्टरने ते काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि १८६० मध्ये सांगितले, ही बुरशी आहे. ‘मायसेटोमा’ हा शब्द त्याचाच. पुढे सुमारे नऊ वर्षे तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. १८७४ मध्ये या रोगावरचा त्याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच्या या संशोधनाची गंमत अशी की, तो बरोबरही होता आणि चुकलेलाही. रुग्णाच्या अवयवाबरोबर ठेवलेल्या नमुन्यावर वाढलेली एक गुलाबी बुरशी हेच रोगाचे बीज असावे, असे त्याला वाटले. इंग्लंडमधील बर्कली या बुरशीतज्ज्ञाने तिला कार्टरचेच नाव दिले. ती बाहेरून येऊन बसलेली निघाली. त्यावरून १८७५ च्या सुमारास लुईस आणि कनिंगहॅम या दोघांनी त्याच्या साऱ्या सिद्धान्तावरच शंका घेतली. कार्टरने काळे आणि फिकट असे दोन प्रकार सांगितले होते. पुढे सिद्ध झाले की काळा प्रकार खरोखरच बुरशीचा, आणि फिकट प्रकारातील बराचसा भाग जिवाणूंचा. उपचार दोहोंचे वेगळे. तेव्हा नुसता ‘सुजलेला पाय’ म्हणून मोजून भागत नाही. कण फोडून पाहावा लागतो. कार्टर मे १८९७ मध्ये इंग्लंडात वारला.

येथे नावाचा एक घोळही निस्तरावयास हवा. कार्टरची बुरशी खरोखरच काळी होती. २०२१ ची ‘काळी बुरशी’ काळी नाही. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठवते, आणि रक्त न पोहोचल्यामुळे मेलेला भाग काळा पडतो. काळा दिसतो तो रोग्याचा देह. तिचे निदान तसे अवघड नाही. नाकातून घेतलेला तुकडा पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की रुंद, फितीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नसलेले तंतू दिसतात. मात्र पाहणारा डोळा तयार असावा लागतो, आणि असे डोळे जिल्ह्याच्या ठिकाणी फार थोडे.

आणि येथेच खरी गोम आहे. प्लेगसाठी केलेल्या कायद्याची जी दहशत होती, ती विलगीकरणाची होती. म्युकर एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. त्याचे बीजकण हवेत, मातीत, सर्वत्र असतात. मधुमेह आटोक्यात नसेल, स्टेरॉइड फार दिले गेले असेल, तर ते मूळ धरतात. अशा रोगापुढे आगगाडी अडवून काय करणार? छावणी कोणासाठी उभारणार? कायद्याचा दंडेलीचा निम्मा भाग आपोआप निरुपयोगी ठरला आणि राहिला तो कारकुनाचा भाग, नोंदीचा. ‘साथ’ या शब्दात एकाकडून दुसऱ्याकडे जाणे गृहीत धरलेले असल्यामुळेच बुरशीचे रोग इतकी वर्षे कोणत्याही तक्त्यात आले नाहीत. मी एका जिल्ह्यात असताना दर आठवड्याला येणारे रोगांचे तक्ते पाहत असे. ताप, अतिसार, कावीळ, सर्पदंश. शेवटचा रकाना ‘इतर’. बुरशीने मेलेला मधुमेही त्या ‘इतर’मध्येही नसे, तो मधुमेहाने मेलेला असे.

नोंद नसण्याची किंमत २०२१ मध्ये डोळ्यांनी मोजली गेली, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. शेकडोंचे डोळे काढावे लागले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत देशातील १६ रुग्णालयांत म्युकरचे २८७ रुग्ण आढळले होते, त्यांतील १८७ करोनाशी निगडित. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या मानाने एकूण संख्या दुपटीहून अधिक. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी इशारा रुग्णालयांच्या दप्तरात पडून होता. त्या दप्तरांची बेरीज करणारी यंत्रणा मात्र नव्हती. काही तज्ज्ञांनी ती आपल्या हौसेने केली आणि ती छापून आली तोवर लाट येऊन गेली होती. जुलैपर्यंत देशातील रुग्णांची संख्या ४५ हजारांवर आणि मृत्यूंची ४ हजारांवर गेली. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते.

आदेश निघाल्यावर मोजणी सुरू झाली आणि तिचा पहिला उपयोग औषधाच्या वाटणीत झाला. अँफोटेरिसिन-बी हे औषध व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका जीवापासून १९५५ साली मिळाले. त्याच्या कुप्या मे-जूनमध्ये दुर्मिळ झाल्या. केंद्राकडून राज्यांना त्या रुग्णसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जात. ज्या रुग्णालयाने संख्या वेळेवर कळविली नाही त्याच्या रुग्णांच्या वाट्याला कुप्या उशिरा. नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. मुंबईच्या उच्च न्यायालयातही या वाटपाविषयी प्रश्न विचारले गेले. वर्ध्यातही त्या दिवसांत या औषधाचे उत्पादन सुरू झाले. अर्जातील एक आकडा आणि माणसाचा डोळा यांचे नाते इतके निकटचे असू शकते, हे वीस वर्षे तक्ते भरूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

याच ठिकाणी आणखी एक नाव घेतले पाहिजे, कारण ते कर्नाटक आणि महाराष्ट्र दोहोंना जोडते. म. जी. तिरुमलाचार हे कर्नाटकात जन्मलेले बुरशीशास्त्रज्ञ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात संशोधनाचे प्रमुख होते. १९६० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील एका जीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरीच आहे. हे औषध अँफोटेरिसिनच्याच गोतातले. पण त्याचा वापर बहुतांशी बाह्योपचारापुरता राहिला. पिकांवरील बुरशीसाठी याच प्रयोगशाळेने काढलेले ‘ऑरिओफंगिन’ शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. उसाचा आणि भाताचा रोग मोजणारी खाती आपल्याकडे होती, म्हणून तसे झाले असावे असा माझा तर्क आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला घातक अशा बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. तीत १९ नावे आहेत. २००९ मध्ये जपानात एका रुग्णाच्या कानात प्रथम आढळलेली आणि पुढे भारतातील अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसलेली कँडिडा ऑरिस सर्वांत वरच्या गटात आहे. दुसऱ्या गटात म्युकरचे कुळ आहे. त्याच गटात, म्युकरच्या शेजारी, मायसेटोमाच्या बुरशींनाही जागा मिळाली आहे. साताऱ्याच्या त्या सिव्हिल सर्जनने ज्यांची चित्रे काढली होती, त्या काळ्या कणांच्या.