मामाची पुरचुंडी

माझ्या धाकट्या आत्याचं उष्टावण खडी फोडायच्या कामावर झालं. 1972 चा दुष्काळ, माण तालुका. बाभळीला बांधलेल्या झोळीत आत्या, आणि जवळच उन्हात हातोडी घेऊन आजी. सरकारी कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. "मिलोची भाकर आमच्याच घशाखाली उतरंना, तान्हीला काय घालू?" हे सांगताना आजीचा आवाज अजून कातर होतो.

लेकाचं उष्टावण सम महिन्यात, लेकीचं विषम. आत्याला सातवा लागला आणि पाटणकडच्या डोंगरातून मामा आला. धोतराच्या सोग्यात नाचणीच्या पिठाची पुरचुंडी. पणजीनं नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले होते, सावलीत वाळवून जात्यावर दळली होती आणि पीठ वस्त्रगाळ केलं होतं. माणात प्यायला हंडाभर पाणी मिळेना, तिथं धान्य भिजवणार कोण? तिकडच्या झऱ्याचं पाणी असं पिठातून इकडं आलं.

मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात, ती पिष्ट तोडतात. म्हणून मोडाच्या पिठाची पेज घट्ट गोळा होत नाही. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यात हेच तर हवं. पणजीला विकर हा शब्द ठाऊक नव्हता, पण बाळाला काय पचतं हे तिला नेमकं ठाऊक होतं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

तीन दगडांच्या चुलीवर पेज शिजली. मामानं बोटानं पहिला घास भरवला. आत्यानं तोंड वेडंवाकडं केलं, मग मामाचं बोट धरून ठेवलं.

परवा माझ्या लेकीचं उष्टावण झालं. सहा महिने पुरे झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून वरचं सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मधाचं बोट मात्र मी चाटवू दिलं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझमचा धोका असतो. आजीला समजावलं, तिनं बाटली मुकाट फडताळात ठेवली.

पेज तिनंच रटरटवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. माझ्या भावानं भरवलं. चार बोटं चाटून लेकीनं मान फिरवली, तसं आम्ही थांबलो. वाटीत उरलेली पेज आजीनं पन्नाशी ओलांडलेल्या आत्यापुढं सरकवली.