डबल, कॅरी आणि पंचाची शिट्टी

शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावरून येणारा "डबल! डबल!" हा ओरडा ऐकला नाही असं आपल्या बॅचमध्ये कुणी नसेल. जे कधी खेळले नाहीत त्यांनीही तो वर्गाच्या खिडकीतून ऐकलेला आहे. माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली, तरी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी शालेय सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. आजची मुलंही तेच ओरडतात आणि बऱ्याचदा ते डबल नसतंच. शाळेच्या आठवणी बाकीची मंडळी लिहितीलच, म्हणून मी या एका नियमाचा इतिहास लिहायचं ठरवलं.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ तयार केला. त्याचे मूळ नियम फक्त १३ होते. त्यांत ड्रिबल हा शब्दच नाही. तिसरा नियम सांगतो की चेंडू घेऊन धावायचं नाही. जिथे झेलला तिथूनच टाकायचा. यामागचं कारण साधं होतं. फुटबॉलच्या अमेरिकन प्रकारात चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायला त्याला पाडावं लागतं. धावणंच बंद केलं की पाडापाडी बंद आणि लाकडी जमिनीवर हातपाय मोडायची भीती कमी.

पण चारी बाजूंनी अडवलेल्या खेळाडूने करायचं काय? पास द्यायला कुणी मोकळं नाही, धावायला बंदी. मग त्याने चेंडू मुद्दाम हातातून सोडला, जमिनीवर घरंगळवला किंवा आपटला आणि पुढे जाऊन पुन्हा स्वतःच पकडला. चेंडू हातात नसताना धावलं तर नियम कुठे मोडला? ड्रिबलचा जन्म असा अडचणीतून झाला, हे नेस्मिथ यांनीच नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आमच्या धंद्यात अशा वेळी प्रश्न पडतो की हा बग समजायचा की फीचर? नियम करणाऱ्यांनाही तोच प्रश्न पडला आणि त्यांनी पुढची तीसेक वर्षं त्यावर वाद घातला.

१८९८ च्या सुमारास दोन्ही हातांनी ड्रिबल करायला आणि एकदा थांबवून पुन्हा सुरू करायला मनाई झाली. आपल्या 'डबल'चं मूळ ते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं तर ड्रिबल करत आलेल्या खेळाडूला बास्केट टाकायचीच परवानगी नव्हती. १९२७ मध्ये नियम समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरता ठेवायचा निर्णय घेतला. खेळ पासिंगचा राहावा, एकट्यादुकट्याचा होऊ नये, असं त्या बाजूचं म्हणणं होतं. कॅन्ससचे प्रशिक्षक फॉग ॲलन, म्हणजे खुद्द नेस्मिथ यांचे शिष्य, याविरुद्ध उभे राहिले. प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना त्याच वर्षी याच भांडणातून उभी राहिली आणि निर्णय मागे घ्यावा लागला.

मुलींची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मैत्रिणींनी ती जरूर वाचावी. स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी १८९२-९३ मध्येच मुलींना हा खेळ शिकवला, पण नियम बदलून. कोर्टाचे तीन भाग केले, आपला भाग सोडायचा नाही, चेंडू तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. मुलींनी दमू नये आणि धसमुसळेपणा करू नये, हा त्या काळचा विचार. बेरेन्सन यांनी मुलींना मैदानावर आणलं हे मोठंच काम होतं. पण त्यांनी घातलेली बंधनं त्यांच्यानंतरही टिकली. अमेरिकेत स्त्रियांच्या खेळातली ड्रिबलची मर्यादा उठली १९६६ मध्ये आणि पाच-पाच जणींचा पूर्ण कोर्टाचा खेळ अधिकृत झाला १९७१ मध्ये. आयोवा राज्यातल्या काही शाळांत तर सहा-सहा जणींचा, दोनच टप्प्यांचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. म्हणजे आपण सातवीत असताना! आपल्या कोर्टावर आम्ही मुली या टोकापासून त्या टोकापर्यंत ड्रिबल करत पळायचो, तेव्हा ही मोकळीक इतकी नवी आहे याची कल्पनाही नव्हती.

भारतात हा खेळ शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी रुजवला. मद्रासला १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. आपल्याकडे बास्केटबॉल शाळाशाळांच्या पटांगणांत दिसतो, त्यात पी.टी.च्या शिक्षकांचा हा वाटा आहे.

आता आजचा नियम. ड्रिबल संपतो दोन प्रकारे: दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले तर, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत विसावला तर. त्यानंतर पुन्हा आपटला की डबल. मात्र मधे बास्केटसाठी शॉट मारला असेल, प्रतिस्पर्ध्याने चेंडूला हात लावून तो सोडवला असेल, किंवा हातातून निसटलेला चेंडू दुसऱ्या कुणाला लागला असेल, तर नवा ड्रिबल चालतो. कॅरी हेही याच घरातलं. हात चेंडूखाली जाऊन चेंडू क्षणभर तळव्यावर थांबला की ड्रिबल तिथेच संपला. पुढचा टप्पा बेकायदा. शिक्षा एकच, चेंडू समोरच्या संघाला. टप्पा किती उंच असावा याला मर्यादा नाही. टप्प्यांमध्ये, चेंडू हातात नसताना, किती पावलं टाकावी यालाही नाही.

सगळी अडचण 'विसावला' या शब्दात आहे. १९९७ च्या मार्चमध्ये, आपण अकरावीत असताना, नवख्या ॲलन आयव्हरसनने मायकेल जॉर्डनला क्रॉसओव्हर करून हुलकावणी दिली. आयव्हरसनचा हात चेंडूखाली जातो की बाजूला राहतो, यावर लोक आजही भांडतात. चेंडू हाताला चिकटल्यासारखा दिसणं वेगळं आणि थांबणं वेगळं. पंचाला हा फरक एका क्षणात ठरवायचा असतो, तोही धावता धावता.

एका सामन्यात सातवी-आठवीची एक मुलगी खांद्याएवढे उंच टप्पे घेत येत होती. समोरचा अख्खा बाक "कॅरी!" म्हणून ओरडत होता. तिचा हात प्रत्येक वेळी चेंडूच्या वरच होता. मी शिट्टी वाजवली नाही. त्याच सामन्यात दुसऱ्या संघाची सफाईदार खेळाडू वळताना दरवेळी चेंडू तळव्यावर घेऊन थबकायची. तिच्यासमोरची मुलगी बिचारी पाय योग्य जागी ठेवून उभी, चेंडू थांबला असं समजून पाऊल टाकायची आणि फसायची. तिथे दोनदा शिट्टी वाजली. प्रेक्षकांना ते आवडलं नाही. पण नियमाप्रमाणे बचाव करणाऱ्या मुलीचं नाव गुणपत्रकावर येत नाही. तिची बाजू घेणारं कोर्टावर पंचाशिवाय कुणी नसतं.

म्हणून नव्या पंचांना मी सांगते: दिसायला विचित्र आहे म्हणून शिट्टी नको आणि दिसायला सुंदर आहे म्हणून सवलत नको. नजर हातावर ठेवा. पहिल्या मिनिटाला जे कॅरी दिलं, ते शेवटच्या मिनिटालाही द्या.

संमेलनाच्या दिवशी माजी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा सामना व्हावा अशी माझी सूचना आहे. शिट्टी माझ्याकडे द्यावी. सरांनी पूर्वी आम्हाला कधी डबल माफ केलं नाही, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.